रोह्याच्या ओटीवरील शिवण

पेणहून रोह्यास आगगाडीनें जाण्यास तासाभराहून अधिक वेळ लागत नाहीं. कासू, नागोठणें, निडी हीं स्टेशनें मागें पडलीं आणि अवचितगडाचा डोंगर ढगांतून डोकें काढूं लागला, कीं प्रवाशांनीं आपलीं बोचकीं आवरावयास घ्यावीं. १९८६ सालीं रेल्वे येथवर आली. तिच्या आधीं आम्हां पेणकरांना एस्. टी.च्या गाडीवांचून गति नव्हती, आणि पावसाळ्यांत ती गाडी कोठें अडकून पडेल याचा नेम नसे. मुंबईकडून येणारा मध्य रेल्वेचा मार्ग रोह्यास संपतो व कोकण रेल्वेचा तेथूनच सुरू होतो. तेव्हां दोन मार्गांची शिवण जेथें पडली आहे तें हें गांव, असें म्हटल्यास चालेल. ही उपमा मला सुचण्याचें कारण एवढेंच कीं, गेल्या आषाढांत मी रोह्यास गेलों तो एका शिवणीच्याच कामांत गुंतून पडलों, आणि दोन दिवसांच्या बेतानें गेलेला मनुष्य सहा दिवस राहून परतलों.

निमित्त बारशाचें होतें. माझ्या चुलत बंधूंच्या मुलीला पहिली मुलगी झाली. ती बाळंतपणासाठीं माहेरीं, म्हणजे आमच्या रोह्याच्या मूळ घरीं आली होती. मुलीचें जन्मनांव पंचांग पाहून काढून द्यावें म्हणून बंधूंनीं मला सहाव्या दिवशींच बोलावून घेतलें. घर मला परकें नव्हे. माझ्या वडिलांची नोकरी फिरतीची असल्यामुळें माझें शाळेचें सारें शिक्षण याच घरांत, याच ओटीवर बसून झालें.

गांव लहान, पण अगदींच अप्रसिद्ध नव्हे. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा व दुसऱ्या तीरावर अष्टमी. हीच नदी पुढें खाडी होऊन रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळते. आणि रेवदंड्यास लागून असलेलें चौल हें बंदर एके काळीं आपल्या रेशमी वस्त्रांसाठीं परदेशी प्रवाशांच्या लेखणीवर चढलेलें होतें. रोह्याचें ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या उत्सवांत देवाची पालखी निघते तेव्हां तिला पोलिसांची मानवंदना मिळते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचें बालपण येथें गेलें. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली, ही गोष्ट आम्हांस वर्गांत इतक्या वेळां ऐकविली गेली कीं, पुढें पुढें त्या शिष्यवृत्तीचा आम्हांस रागच येऊं लागला होता. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्महि येथलाच, १९२० सालचा. दोघांनाहि मॅगसेसे पारितोषिक मिळालें, एकांस १९५९ सालीं व दुसऱ्यांस १९९६ सालीं. धाटावची औद्योगिक वसाहत झाल्यापासून गांवाचें वळण बदललें. नदीचें पाणीहि पूर्वींचें राहिलें नाहीं. पण आषाढांतला पाऊस मात्र तोच आहे. स्टेशनापासून घरापर्यंत रिक्षानें गेलों तरी उपरणें पिळून काढावें लागलें.

ओटीवर पाऊल टाकलें तों कानीं आवाज आला तो हातमशीनचा. या घरांत तो आवाज मीं कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. पाहतों तों माझी पुतणी भिंतीला टेकून बसलेली, पुढें तें जुनें यंत्र माळ्यावरून उतरवून पुसून ठेवलेलें, आणि सभोंवतीं कापडाचे तुकडे पसरलेले.

"अग, सुवेरांतली तूं, हें काय मांडलेंस?" मीं विचारलें.

"काका, आतां तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "आत्याआजी ही कॉलर कशी बेतत असे? तीन वेळां कापली, तिन्ही वेळां ती मानेवर उभी राहते, नाहीं तर खांद्यावर गोळा होते."

तिच्या मांडीवर तिचा स्वतःचा लहानपणचा एक फ्रॉक होता. पांढऱ्या पॉपलिनचा, आतां किंचित् पिवळसर पडलेला; गळ्याशीं रुंद गोल कॉलर, कॉलरीच्या कडेला कंगोरे, आणि प्रत्येक कंगोऱ्यास क्रोशाची बारीक किनार. माझ्या आत्यानें शिवलेल्या शेंकडों कपड्यांपैकीं घरांत उरलेला हा एकच. वहिनींनीं तो वेखंडाची पूड घालून ट्रंकेच्या तळाशीं जपून ठेवला होता. तशीच कॉलर बारशाच्या झबल्यास लावावी, हा पुतणीचा हट्ट.

येथें थोडें मागें गेलें पाहिजे. जुन्या ब्राह्मणी घरांत शिवलेल्या वस्त्राला प्रतिष्ठा बेताचीच असे. धोतर, उपरणें, मुकटा हीं मागावरून उतरलेलीं तशीं नेसावयाचीं. सुई लागलेलें वस्त्र सोंवळ्यास चालत नसे. आणि तरी सुईवांचून घर एक दिवस चाललें नसतें. खणाच्या चोळ्या घरोघरीं हातानें शिवल्या जात. मूल जन्मण्यापूर्वीं त्याच्यासाठीं कांहीं शिवून ठेवूं नये, असा समज. आणि पहिलें झबलें कोऱ्या कापडाचें नसावें, आजीच्या धुवून धुवून मऊ झालेल्या लुगड्याचें असावें, अशी चाल. म्हणजे जन्मापासून बारशापर्यंतच्या बारा दिवसांत झबलीं, टोपडीं, दुपटीं आणि कुंची, सर्व कांहीं घरांतल्या बायकांनीं हातावेगळें करावयाचें. अमरकोशांत शिंप्याला तुन्नवाय व सौचिक अशीं दोन नांवें आहेत. तेव्हां धंदा पुरातन खरा. पण त्याच्याहि पलीकडे जावयाचें तर ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलांत राका या पौर्णिमेच्या देवतेची प्रार्थना आहे. न तुटणाऱ्या सुईनें तिनें आपलें कार्य शिवावें आणि वीर पुत्र द्यावा, असें तिला विनविलें आहे. अपत्य व सुई यांची सांगड वैदिक ऋषींनाहि सुचली होती, याचें मला फार नवल वाटतें. वर्गांत मीं हें अनेकदां सांगितलें. मुलें ऐकून घेत, आणि मुली मात्र एकमेकींकडे पाहून हंसत. त्यांना त्यांत नवल कसलें वाटणार!

आतां आत्याविषयीं. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. १९५६ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, वैधव्य येऊन ती माहेरीं परत आली ती कायमची. मूलबाळ नव्हतें. घरांत माणसें पंधरा-सोळा. स्वयंपाकपाण्यांत तिचा वांटा होताच. दुपारीं सर्वांचीं जेवणें आटोपलीं, भांडीं झालीं, कीं ती ओटीच्या उजव्या कोपऱ्यांत, जेथें दारांतून उजेड येई तेथें, शिवावयास बसे. प्रथम सारें हातानेंच. साधा धावदोरा, हेम, काज, साखळी टाका, काश्मिरी टाका. मग १९६२ च्या सुमारास कोणा ओळखीच्या कुटुंबानें मुंबईस जातांना विकलेलें हें हातमशीन घरीं आलें. कोकणच्या हवेंत सुया आठवड्याभरांत गंजतात. म्हणून ती केस भरून केलेल्या लहानशा उशींत सुया टोंचून ठेवी. केसांतल्या तेलानें सुईला गंज धरत नाहीं.

कॉलरी हा तिचा खास विषय. जुन्या मासिकांतून कापलेले नमुने तिच्याजवळ होते, पण ते पाहून ती क्वचितच बेती. लहान मुलींच्या फ्रॉकांना लावतात ती सपाट गोल कॉलर साहेबलोकांत पीटर पॅनच्या नांवानें ओळखली जाते. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर १९०५ सालीं मॉड ॲडम्स या नटीनें पीटर पॅनचें काम केलें, तिच्या पोषाखावरून हें नांव रूढ झालें. आत्याला त्यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. ती तिला 'बशीची कॉलर' म्हणे. पावसाळ्यांत कपडे चार चार दिवस वाळत नाहींत, म्हणून तिनें सुट्या कॉलरी करण्यास आरंभ केला. आंतून चार लहान बटणें. मळली कीं कॉलर तेवढी काढावी, धुवावी, भाताच्या पेजेची खळ द्यावी आणि चुलीच्या उबेस वाळवून पुन्हां लावावी. पुढें वाचनांत आलें कीं, अमेरिकेंतील ट्रॉय गांवच्या हॅना माँटेग्यू नांवाच्या गृहिणीनें १८२७ च्या सुमारास नवऱ्याचे सदरे रोज धुण्याचा कंटाळा येऊन अशीच त्यांची कॉलर कापून सुटी केली, आणि त्या एका युक्तीवर त्या गांवांत कॉलरींचे कारखाने उभे राहिले. आमच्या ओटीवर कारखाना उभा राहिला नाहीं. एका फ्रॉकास दीड रुपया, आणि कॉलरीला क्रोशाची किनार असल्यास आठ आणे अधिक, हा आत्याचा दर मला आठवतो.

हें मोल ती घेत असे, तरी घरांत त्याला मिळकत म्हणण्याची चाल नव्हती. "तिला शिवणाची हौस आहे," असें काका आल्यागेल्यास सांगत. ती स्वतः पांढऱ्या नाहीं तर फिकट तपकिरी रंगाच्या लुगड्याबाहेर कधीं गेली नाहीं. गुलाबी, आकाशी, मोतिया रंगांच्या झालरी तिच्या मांडीवरून दुसऱ्यांच्या घरीं जात. आमच्या भाषेंत शिवणें या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक सुईचा व एक स्पर्शाचा. हळदीकुंकवाच्या तबकास ज्या हातांनीं शिवावयाचें नाहीं, त्या हातांनीं शिवलेली कुंची मात्र गांवांतल्या कोणत्याहि बारशास चालत असे. पाळण्यांत मुलाचें नांव घेण्याचा मान आत्याचा. माझ्या बारशास तो मान एका चुलत आत्यानें घेतला. सख्खी आत्या त्या वेळीं स्वयंपाकघरांत होती. हें मला फार उशिरां, माझ्या आईच्या तोंडून कळलें. कुंची तिनेंच शिवली होती, हें मात्र पूर्वींपासून ठाऊक होतें.

माझ्याहि हातून तिला न्याय झाला असें नाहीं. मी सहावींत असतांना तिनें मला एक सदरा शिवला आणि कॉलरीच्या कडेनें निळ्या दोऱ्याची नाजूक कड घातली. शाळेंत सोबती म्हणाले, "पोरीची कॉलर!" घरीं येऊन मीं ब्लेडनें ती कड उसवून काढली, दोन ठिकाणीं कापडहि फाटलें. आत्यानें सदरा उलटून पाहिला, कांहीं बोलली नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं साधी कॉलर लावून तो माझ्या खुंटीवर टांगून ठेवला. त्या कॉलरीसाठीं कापड कोठून आणलें, हें विचारण्याची बुद्धि मला झाली नाहीं.

पुढें बाजारांत तयार कपडे आले. प्रथम पेणच्या बाजारपेठेंत, मग रोह्यांतहि. आत्याकडे येणारीं माणसें कमी झालीं, डोळेहि थकले. पुतणीचा फ्रॉक हा शेवटच्या कामांपैकीं एक असावा. २००४ सालीं ती गेली आणि यंत्र माळ्यावर गेलें.

आतां त्याच यंत्राच्या लांकडी पेटीच्या कप्प्यांत, बॉबिनांच्या व अंगुस्तानाच्या खालीं, पुतणीला एक वही सांपडली होती. तींत कॉलर बेतण्याची कृति असेल म्हणून ती पानामागून पान उलटीत होती. पण कृति कोठेंच नव्हती. मापें होतीं, उंची, छाती, गळा, खांदा, असे आंकडे, आणि कोणाच्या मुलीचीं तें. ज्या गोष्टी हाताला येतात त्या लिहून ठेवण्याची तिला गरज कसली! वहीच्या मागल्या बाजूनें, उलट्या अंगानें, जमाखर्च होता. पुतणीनें वही माझ्यापुढें धरली. "काका, हें तुमचें नांव का?"

नांव माझेंच होतें. मॅट्रिकच्या परीक्षेची फी, संस्कृतच्या शिकवणीचे तीन महिने, एक पंचांग, एक कोश. ती फी काकांनीं भरली असें मी आजवर समजत होतों. निकाल लागला तेव्हां पेढे घेऊन प्रथम त्यांच्याच पायां पडलों होतों. भरण्यास गेले ते काकाच असतील. पैसे कॉलरींचे होते.

मी उठून पडवींत गेलों आणि कांहीं वेळ पागोळ्या पाहत उभा राहिलों.

परत आलों तों मायलेकींचा वाद जुंपलेला. कॉलरीची युक्ति समजण्यास एकच मार्ग होता. फ्रॉक उसवून पाहणें. वहिनी तयार नव्हत्या. "तिच्या हातची एवढी एकच वस्तु राहिली आहे. तीहि उसवलीत तर मग दाखवाल काय?" पुतणी म्हणे, "ट्रंकेंत ठेवून तरी कोणाला दाखवतेस?" बंधूंनीं नेहमींप्रमाणें वर्तमानपत्र तोंडासमोर धरलें. निवाडा माझ्यावर आला. सदऱ्याची कड ज्यानें ब्लेडनें उसवली त्याला आतां पुन्हां तिचीच शिवण उसवण्याची परवानगी द्यावयाची होती. मला शब्द फुटेना. दोन्ही बाजू मला खऱ्या वाटत होत्या, आणि अजूनहि वाटतात. वस्तु राखावी तर विद्या जाते. विद्या मिळवावी तर वस्तु जाते. शेवटीं वहिनींनींच तोड काढली. कॉलर दोन भागांची असते. डावा भाग उसवावा, उजव्यास हात लावूं नये.

तिसऱ्या प्रहरीं, पाऊस थोडा उघडला असतां, ओटीच्या त्याच कोपऱ्यांत हें काम झालें. वहिनींनीं चष्मा पुसला आणि बारीक सुईनें एकेक टांका उचलला. मी दोरे गोळा करीत होतों. टांके इतके बारीक कीं बोटभर शिवण उसवण्यास पाव तास लागला. मग एकेक गोष्ट बाहेर येऊं लागली. कॉलर दोन पदरांची नसून तीन पदरांची होती. मधला पदर आजोबांच्या जुन्या धोतराचा, त्याच्या एका कोपऱ्यांत तांबड्या कांठाचे दोन धागे राहिलेले. खालचा पदर वरच्यापेक्षां दोरभर लहान कापलेला, म्हणून शिवण आपोआप आंत वळून दिसेनाशी होई. कंगोऱ्यांच्या आंतल्या अंगास टांक्याच्या अगदीं जवळपर्यंत बारीक चिरा दिलेल्या. त्यांवांचून कंगोरा उलटल्यावर गोल बसत नाहीं. गळ्याशीं जोडलेली पट्टी सरळ कापडाची नव्हे, उरेब कापलेली. पण मुख्य मर्म वळणांत होतें. उसवलेला भाग कागदावर पसरून पाहिला तों त्याचा आंतला घेर फ्रॉकच्या गळ्याशीं जुळेना. तो किंचित् सरळ होता. पुतणी कितीतरी वेळ कागद फिरवीत राहिली आणि एकदम ओरडली. पुढचा व मागचा भाग खांद्याशीं नुसता टेकवून नव्हे, तर बाहेरच्या टोंकास अर्धा इंच एकमेकांवर चढवून त्यावर कॉलर आखावयाची! त्यामुळें बाहेरची कड थोडी आंखूड होते, आणि कॉलर खांद्यावर न पसरतां मानेशीं हलकीशी उचलून मग खालीं वळते. ती बशी नव्हतीच. उथळ वाटी होती.

आणखी एक गोष्ट आम्हां तिघांनाहि ठाऊक नव्हती. फ्रॉकच्या बगलेंत व खालच्या घेरांत आत्यानें कापड दुमडून दुमडून आंत ठेवलें होतें, बगलेंत इंचभर आणि घेरांत चांगलें चार बोटें. शिवणकामांत या राखून ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात. मूल वाढेल तशी ती सोडावयाची. वेदान्त शिकतांना मायेचे अनेक अर्थ मीं पाठ केले. हा कोणत्याहि भाष्यांत सांपडला नाहीं. फ्रॉकची माया कोणीं सोडली नव्हती. पुतणी वाढली तेव्हां तिला नवा, बाजारचा फ्रॉक घेतला गेला होता.

बाराव्या दिवशीं सकाळपासून पावसानें झोड उठविली. सासरचीं माणसें ठाण्याहून दोन तास उशिरां पोंचलीं. पुतणीनें रात्रभर जागून झबल्यास कॉलर लावली होती. पहिले दोन कंगोरे थोडे तिरके गेले, पुढचे सरळ. मधल्या पदरास माझ्या पंचाचा तुकडा वापरला, तो मागण्यापूर्वींच कापला गेला होता. बाळाच्या आत्यानें पाळण्याशीं वांकून कानांत नांव सांगितलें. इतक्या गडबडींत बाळ शांत होतें, आणि पाळण्यांत घालतांच त्यानें दुधाची गुळणी नेमकी नव्या कॉलरीवर टाकली. "म्हणूनच ती सुटी करीत असे," वहिनी म्हणाल्या.

फ्रॉकचा डावा भाग पुतणीनें पुन्हां लावून दिला. तिचा टांका व आत्याचा टांका यांतला फरक हातभर अंतरावरूनहि दिसतो. वहिनींनीं तो तसाच घडी करून ट्रंकेंत ठेवला. निघतांना मीं ती वही मागितली. कारण सांगितलें नाहीं. त्यांना तें समजलें असावें.

"वही येथेंच राहूं द्या, भावोजी," त्या म्हणाल्या. "पोरीला मापें लागतील."

मी साडेतीनच्या गाडीनें पेणला आलों.